एकाहत्तरावे हमीपत्र

"विद्यार्थ्यांना घरच्या शेतीकामात हातभार लावता यावा या हेतूने, पालकांच्या आग्रही मागणीस अनुसरून, महाविद्यालयाची वेळ सकाळी साडेसात ते साडेअकरा अशी करण्यात येत आहे."

सोळा वर्षांपूर्वी, जूनच्या अखेरीस, हे वाक्य आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर काचेआड लागले. वाक्य नीट बांधलेले आहे. आधी हेतू, मग आधार, शेवटी निर्णय. आणि निर्णय कोणी घेतला याचा कुठे मागमूस नाही. मी इतिहासाचा प्राध्यापक होतो. जुन्या कागदांतली अशी वाक्ये उसवून दाखवण्याचाच मला पगार मिळत असे. तेव्हा हेही उसवू.

पालकांची मागणी. त्या वर्षी एकच पालक मेळावा झाला, जानेवारीत. एकोणीस पालक आले. त्यांच्या मागण्या दोन होत्या: मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी बसवावी आणि पिण्याच्या पाण्याची टाकी धुवावी. वेळेचा विषय कोणी काढला नाही. आग्रहाने तर नाहीच. आमच्याकडचे पालक प्राचार्यांपुढे आग्रह धरत नाहीत. चपला दाराबाहेर काढून उभे राहतात.

शेतीकाम. निंबगव्हाण हे आमचे तालुक्याचे गाव बालाघाटच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. निम्म्याहून अधिक विद्यार्थी डोंगरावरच्या अकरा वाड्यांतले. त्यांना खाली आणणारी एसटी एकच, ती निंबगव्हाणला पोचे नऊ चाळीसला. परत नेणारीही एकच, ती सुटे पावणेपाचला. म्हणजे नव्या वेळेनुसार ही मुले वर्गात येत तेव्हा पाचांपैकी तीन तास संपलेले असत, आणि कॉलेज सुटले की सव्वापाच तास ती बसस्थानकाच्या सिमेंटच्या बाकांवर बसून राहत. घरी पोचेपर्यंत दिवस मावळलेला. एक खासगी जीप पहाटे खाली यायची, पण माणसे तिच्या टपावर बसून आणि मागच्या पायरीवर लटकून येत. कोणत्याही बापाने आपल्या मुलीला तिच्यात बसवले नाही.

राहिला हेतू. हेतू पांढऱ्या रंगाचा होता, त्याला चार चाके होती. जिल्ह्याच्या शहरातून रोज सकाळी पावणेसहाला एक गाडी निघे आणि सव्वासातला निंबगव्हाणला पोचे. तीत प्राचार्य विश्वंभर सोळुंके पुढे बसत. मागे वाणिज्य विभागाचे प्रा. कुलथे, मी, आणि जाताना-येताना झोपणारे दोन सहकारी. तालुक्याच्या गावात राहायला आमच्यापैकी कोणीच तयार नव्हते. त्याची कारणे आम्ही एकमेकांना वारंवार सांगत असू आणि ती पटवून घेत असू: मुलांच्या शाळा, दवाखाने, पाणी. बारा वाजता गाडी परत फिरली की दीडला घरचे जेवण. सोळुंके सरांची दुपार संस्थेच्या राजकारणाची. कुलथ्यांची शिकवणी वर्गाची. इतरांच्या दुपारीही कुठे ना कुठे लागत.

यात आमच्याकडची एक जुनी रीत मिसळली. पहिल्या तासाला घेतलेली हजेरी संपूर्ण दिवसाची धरायची. कॉलेज अकराला भरत असे तेव्हा ही रीत निरुपद्रवी होती. एसटी येऊन तासभर झालेला असायचा. वेळ बदलली, रीत तशीच राहिली. त्यामुळे रोज चौथ्या तासाला माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसून लिहून घेणारी मुलगी कागदोपत्री त्या दिवशी कॉलेजात आलेलीच नसे.

त्या मुलीचे नाव गंगासागर केंद्रे. बी.ए. तृतीय वर्ष, गाव केळेवाडी. आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जात आणि ही आजीजवळ राही, ती एका अटीवर. बापाने ती अट तिला प्रथम वर्षातच सांगून ठेवली होती आणि तिने ती मला एकदा हसत सांगितली होती: "परीक्षा हाय तवर घर. परीक्षा नाही, तर कोयता." कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, तोडीला एकटे माणूस कोणी घेत नाही. म्हणजे परीक्षा हुकली तर ट्रक यायच्या आत तिचे लग्नही उरकले जाणार होते. हे तिने सांगितले नाही. केळेवाडीत ते सांगावे लागत नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांखाली असलेल्यांची यादी लागली. नावे एकाहत्तर. एकाहत्तरही डोंगरावरची. एवढ्या मुलांना परीक्षेला न बसवणे महाविद्यालयालाही परवडणारे नव्हते. विद्यापीठाने विचारणा केली असती. तेव्हा कुलथ्यांनी तोडगा काढला. आमच्याकडे कोणत्याही भांडणात आधी समोरच्याकडून लिहून घेतात; मग न्याय केला काय, न केला काय. त्यांनी हमीपत्राचा एक नमुना तयार केला आणि त्याच्या शंभर प्रती काढल्या:

"मी, खाली सही करणार, लिहून देतो/देते की चालू सत्रात मी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे वर्गात गैरहजर राहिलो/राहिले. यास महाविद्यालय कोणत्याही प्रकारे जबाबदार नाही. माझी गैरहजेरी क्षमापित व्हावी ही विनंती."

दोन दिवसांत सत्तर सह्या झाल्या. कोणी ओट्यावर कागद ठेवून सही केली, कोणी मित्राच्या पाठीवर. काहींच्या बापांनी येऊन अंगठे दिले आणि जाताना कुलथ्यांचे आभार मानले. एकाहत्तरावी सही झाली नाही.

गुरुवारी शेवटचा तास संपल्यावर प्राचार्यांनी तिला दालनात बोलावले. मलाही. कुलथे आधीच बसले होते.

सोळुंके सर आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी तिला बस म्हटले. ती बसली नाही. त्यांनी वडिलांची चौकशी केली, यंदा कोणत्या कारखान्याला जाणार ते विचारले, पाऊस कसा आहे तेही विचारले. मग कुलथ्यांनी हमीपत्र तिच्यापुढे सरकवले आणि वर पेन ठेवले.

"सही करायची अन् मोकळं व्हायचं. सत्तर जणांनी केली. तू काय आभाळातून पडलीस?"

"नाही सर. एसटीतून उतरले."

कुलथे हसले. सोळुंके सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले.

तिने पिशवीतून शंभर पानी वही काढून टेबलावर ठेवली. वहीत रेघा मारून तीन रकाने केले होते: तारीख, एसटी स्थानकात शिरल्याची वेळ, आणि सही. सह्या बसस्थानकाचे वाहतूक नियंत्रक शेख गौसोद्दीन यांच्या. चौऱ्याहत्तर दिवस, चौऱ्याहत्तर सह्या. सर्वांत लवकरची वेळ नऊ छत्तीस. सर्वांत उशिराची दहा वाजून पाच; त्या दिवशी घाटात टायर फुटल्याची नोंद होती. शेवटच्या पानावर आगाराचा गोल शिक्का.

"हे कुणी सांगितलं करायला?" सोळुंके सरांनी विचारले.

"कुणी नाही सर. कागदाला कागदच लागतो, असं शिकवलंय." तिने माझ्याकडे पाहिले नाही.

"बाळ, बसस्थानकाचा शिक्का कॉलेजात चालत नसतो."

"मग कॉलेजाचा शिक्का बसस्थानकात कसा काय चालायलाय, सर? अकरा वाड्यांची पोरं बसलेत तिथं रोज, ती कॉलेजाच्याच शिक्क्यानं बसलेत ना."

कुलथे म्हणाले की ही जास्त बोलायली आहे. सोळुंके सरांनी त्यांना हाताने थांबवले आणि तिला शांतपणे समजावले की हा निव्वळ उपचार आहे, हमीपत्र कोणी वाचत नाही, फाइलला लावायचे असते.

"आज कुणी वाचत नाही," ती म्हणाली. "पण अजून पन्नास वर्षांनी कुणी फाइल उघडली तर? त्याला दिसल की डोंगरावरची एकाहत्तर पोरं निष्काळजी होती. वर एकाहत्तर खऱ्या सह्या. खोट्या कागदावर सही खरीच असते सर. म्हणून तर तो चालतो."

हे शेवटचे वाक्य माझे होते. प्रथम वर्षाच्या वर्गात, मध्ययुगीन देणगीपत्रांच्या संदर्भात, मी ते दरवर्षी टाळ्यांच्या अपेक्षेने म्हणत असे. त्याच व्याख्यानात मी चार प्रश्न लिहून देई: कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणासाठी लिहिला, त्यातून कोणाचे भले झाले. बहुतेक मुले ते परीक्षेपुरते पाठ करत. या मुलीने ते वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवले होते आणि वहीचा पुठ्ठा आता प्राचार्यांच्या टेबलावर उघडा पडला होता.

सोळुंके सरांनी तो वाचला. वही मिटली. "डॉक्टर," ते मला म्हणाले, "तुमची विद्यार्थिनी आहे. समजावा. शनिवारी दुपारी याद्या विद्यापीठाला जातील."

तोवर पावणेबारा झाले होते. बाहेर गाडी सावलीत उभी होती, दोघे सहकारी आत जाऊन बसलेही होते. मी दहा मिनिटे मागून घेतली आणि गंगासागरच्या मागून बसस्थानकापर्यंत गेलो. रस्ता दोनशे पावलांचा. ती पुढे चालत होती, मी मागे. इतक्या वर्षांत मी त्या स्थानकात एकदाही पाऊल टाकले नव्हते.

सिमेंटच्या बाकांवर आमचे विद्यार्थी बसले होते. कोणी भाकरी सोडली होती, कोणी दप्तर उशाला घेऊन आडवे झाले होते. मी दिसताच सगळे उठून उभे राहिले. मी हाताने बसा म्हटले. ते बसले नाहीत. तेव्हा मी शेखांच्या खिडकीपाशी गेलो. शेखांनी मला आत बोलावून स्वतःची खुर्ची दिली. साठीला आलेले, कानावर पेन्सिल, बोलणे मोजके. त्यांनी चहा सांगितला आणि म्हणाले, "सर, तुमची गाडी रोज बघतो मी. वेळेची फार पक्की. आमच्या महामंडळाला जमलं नाही कधी तसं."

मी गंगासागरला बरेच काही सांगितले. ते सर्व इथे देण्याच्या योग्यतेचे नाही. सार एवढेच की तत्त्व मोठे असते पण वर्ष त्याहून मोठे असते. की इतिहासात ज्यांनी दबावाखाली सह्या केल्या त्यांना कोणी दोषी धरत नाही. की एकदा पदवी हातात आली म्हणजे ती असले शंभर कागद फाडू शकेल. मी चांगला वक्ता होतो. दाखलेही दिले. खिडकीबाहेरची मुले ऐकत होती आणि शेख पेन्सिलीला टोक करत होते.

माझे संपल्यावर ती म्हणाली, "सर, मी परवा शेखमामांच्या फोनवरून विद्यापीठात बोलले. परीक्षा विभागात एक मॅडम आहेत. त्या म्हणाल्या, वेळ बदलल्यामुळं हजेरी बुडाली असं कॉलेजनं लिहून दिलं, तर सगळ्यांनाच बसू देता येतं. हमीपत्र लागतच नाही."

"प्राचार्य तसं लिहून देणार नाहीत."

"प्राचार्य कशाला? त्या म्हणाल्या, ज्यानं परिपत्रक लिहिलं त्यानं सांगितलं तरी चालल. 'पालकांची मागणी नव्हती.' तीन शब्द. माझ्या वहीला ते जोडून पाठवायचं." ती थांबली. "फक्त पहिला प्रश्न राहिलाय, सर. बाकी तिन्हींची उत्तरं मिळालीत. कोणी लिहिलं तेवढं सांगा."

"वेळापत्रक समितीनं."

"समिती कुलथे सरांची. कुलथे सरांचं लिहिणं मी बघितलंय, त्यांनीच हमीपत्र लिहिलंय. परिपत्रक त्यांचं नाही." तिने आता माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरे झाले असते. "मला वाटतं, मला माहीत आहे. पण अंदाज म्हणजे पुरावा नाही, असं तुम्हीच म्हणता."

शेखांनी पेन्सिल खाली ठेवली.

तेवढ्यात कॉलेजच्या बाजूने गाडीचा भोंगा वाजला, दोनदा. मी घड्याळ पाहिले. मी तिला म्हणालो की असे कागद एक माणूस लिहीत नसतो, त्यामागे एक प्रक्रिया असते; की शनिवारपर्यंत विचार कर; की मी आहेच. चहा आला होता. तो मी घेतला नाही.

गाडीत कुलथ्यांनी विचारले, "करायली का सही?"

मी म्हणालो, करेल.

तिने केली नाही. शनिवारी याद्या गेल्या. त्याच दिवशी तिने ती वही एका अर्जासह विद्यापीठाच्या कुलसचिवांना रजिस्टर पोस्टाने पाठवल्याचे मला पुढे कळले. नोव्हेंबरात परीक्षा सुरू झाली. इतिहासाच्या पेपरला मी पर्यवेक्षक होतो. सत्तर मुले आपापल्या निष्काळजीपणाची कबुली देऊन बाकांवर बसली होती आणि त्यांच्यातल्या एकानेही मान वर करून माझ्याकडे पाहिले नाही. पहिल्या बाकाला आसनक्रमांकाची चिठ्ठी नव्हती.

फेब्रुवारीत विद्यापीठाचे एक निवृत्त प्राचार्य चौकशीला आले. भले गृहस्थ होते. तक्रारदाराला त्यांनी दोनदा नोटीस काढली होती. दुसरी त्यांच्या फाइलमध्ये मला दिसली. पाकिटावर पोस्टमनने निळ्या पेनाने शेरा मारला होता: "ऊसतोडीस गेली. घर बंद. परत." घर बंद म्हणजे आजीलाही तोडीवर नेले असणार; हे पोस्टमनला लिहावे लागले नसावे.

चौकशी सरळ चालली. सोळुंके सर म्हणाले, निर्णय समितीचा. कुलथे म्हणाले, समितीने फक्त शिफारस केली, मसुदा कार्यालयाचा. कार्यालयीन अधीक्षक म्हणाले, कार्यालय वरून येते ते टंकलिखित करते. त्या गृहस्थांनी सत्तर हमीपत्रे चाळली आणि ते म्हणाले की विद्यार्थ्यांनीच एवढ्या स्पष्टपणे लिहून दिल्यावर खरे तर प्रश्नच उरत नाही. मग उपचार म्हणून त्यांनी मला विचारले, "डॉक्टर, आपल्याला काही सांगायचं आहे?"

कुलथ्यांच्या शंभर प्रतींपैकी काही उरल्या होत्या. त्या त्याच फाइलमध्ये मागे लावलेल्या होत्या. मी त्यांतली एक मागून घेतली. छापील मजकुरावर आडवी रेघ मारली, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले. लिहायला चार मिनिटे लागली असतील. सोळुंके सरांनी ते वाचले तेव्हा पुन्हा चष्मा पुसला आणि म्हणाले, "याची आता काय गरज होती?" त्यांचा प्रश्न योग्य होता. 'आता' या शब्दापुरता तर अचूक.

पुढच्या जूनपासून महाविद्यालयाची वेळ साडेदहा ते चार झाली. सोळुंके सर यथाकाल सन्मानाने निवृत्त झाले. कुलथे प्राचार्य झाले. मला एक ज्ञापन मिळाले आणि दुसऱ्या वर्षी, निजामी राजवटीतल्या खेड्यापाड्यांच्या शाळांवर मी लिहिलेल्या ग्रंथाला, एक पुरस्कारही. रयतेने शाळेसाठी केलेले आणि दप्तरात कुजलेले अर्ज त्यात प्रथमच उजेडात आले, असे मानपत्रात म्हटले होते. निवृत्त होईपर्यंत दर जूनमध्ये मी नव्या हजेरीपटांत केळेवाडीचे ते नाव शोधत असे. ते आले नाही. शेखांना विचारण्याचा धीर मला झाला नाही.

त्या कागदाची प्रत माझ्याजवळ आहे. साधन अस्सल आहे. लेखक, तारीख आणि सही यांबद्दल शंका नाही. ते शब्दशः देतो.

"मी, खाली सही करणार, लिहून देतो की वेळबदलाचे परिपत्रक मी लिहिले. पालकांची मागणी नव्हती. एसटी नऊ चाळीसला येते आणि पावणेपाचला सुटते हे लिहिताना मला माहीत होते. मला माझ्या ग्रंथासाठी दुपार मोकळी हवी होती. यास विद्यार्थी कोणत्याही प्रकारे जबाबदार नाहीत. गंगासागर केंद्रे हिने बसस्थानकावर मला लेखकाचे नाव विचारले, तेव्हा परीक्षेच्या याद्या जायला दोन दिवस होते. गाडीचा भोंगा वाजला म्हणून मला उत्तर देता आले नाही, असे मी आजवर स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. भोंगा वाजावा म्हणून मी बोलणे लांबवत होतो."